दोमितिलाचं किमान

दोमितिला यार्लेकेला वाक्य उलटं बोलायची सवय होती आणि त्याला कारण होता वारा.

ओव्हेराल गावात दुपारची जेवणं आटपली की समुद्राकडून वारा सुटतो, तो दिवस मावळेपर्यंत दम घेत नाही. दोमितिलाच्या घरावर उंच बांबूला एक भोंगा बांधलेला होता. त्यावरून ती गावाला लागतील त्या खबरा द्यायची. कुणाकडे ताजे मासे आलेत, कुणाचं गाढव सुटलंय, कुणाच्या मयताची नवव्या दिवसाची प्रार्थना आहे. पण वाऱ्याची खोड अशी की वाक्याचा पुढचा तुकडा तो परस्पर गिळायचा. "सोमवारी पाणी सुटणार नाही" असं म्हटलं तर कालव्यापलीकडच्या लोकांना नुसतंच "सुटणार नाही" ऐकू जाई. मग काय सुटणार नाही यावर तिकडे वाद, पैजा आणि एकदा तर मारामारीसुद्धा झाली. तेव्हापासून दोमितिला वजनाचा शब्द मागे ढकलायला शिकली. जो शब्द सगळ्यांना आधीच ठाऊक आहे तो पुढे टाकायचा, वाऱ्याने खाल्ला तरी खाऊ दे. जो ऐकायलाच हवा तो शेवटाकडे. तीस वर्षांत ही सवय इतकी मुरली की घरात मीठ मागतानाही ती वाक्य फिरवून मागायची.

भोंगा तिने काही हौसेनं घेतलेला नव्हता. तिच्या नवऱ्याने, आबेलार्दोने, नाचगाण्याच्या कार्यक्रमांना भाड्याने द्यायला म्हणून ॲम्प्लिफायर आणि भोंगा आणला. एका कार्निव्हलला तो सुयानाच्या एका बाईबरोबर नाचायला लागला, तो नाचत नाचत सुयानालाच गेला. नवरा गेला आणि ॲम्प्लिफायर राहिला. गावाचं एकमत झालं की दोमितिलाच फायद्यात राहिली. नवऱ्याला बोलायला लावावं लागायचं, हे यंत्र निदान बटण दाबलं की बोलत होतं.

तिच्या बापाने, क्रिसान्तोने, कालवा आला तेव्हा उजाड रानात आंबा लावला होता. एकेक कलम स्वतःच्या हातानं बांधलेलं. लग्न झालं म्हणून दोमितिलाला घर मिळालं आणि मळा गेला धाकट्या भावाकडे, नोल्बेर्तोकडे. नोल्बेर्तो तिला न्यान्या म्हणायचा, थोरल्या बहिणीला आमच्याकडे म्हणतात तसं. पण त्यात मायेपेक्षा चेष्टाच जास्त असे. दिवसातून एकदा तरी तो भोंग्याखाली येऊन बसायचा, तळलेली काचेमा मासळी तिच्याच ताटातून उचलायचा आणि वर मीठ कमी आहे म्हणायचा.

आंब्याला मोहोर हवा असेल तर दोन गोष्टी लागतात, तहान आणि थंडी. एप्रिल सरता सरता पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा. ताणलेल्या झाडावर आमच्या हिवाळ्याच्या, जून-जुलैच्या, गार पहाटा उतरल्या की फांदीच्या टोकाचा डोळा फुगतो आणि मोहोर फुटतो. थंडी आलीच नाही तर तहानलेलं झाड गोंधळतं. पाणी मिळताच नुसती पालवी काढतं आणि वर्ष वाया जातं. थंडी येणार नाही हे आधी कळलं तर ताण देऊच नये, झाड निदान दमत नाही. पण एप्रिलच्या उकाड्यात बसून जुलैची पहाट कुणाला दिसणार? आमचे म्हातारे जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांवरून बारा महिने सांगायचे आणि बारापैकी चार जमले की छाती काढून हिंडायचे.

पिउरा शहरातल्या हवामान कचेरीतून दर महिन्याच्या शेवटी एक कागद यायला लागला तो याच कामाचा. पुढच्या तीन महिन्यांत आपल्या भागात गरमी किती, गारवा किती, हे त्यात लिहिलेलं असे. पाणी वाटप समितीचा माणूस तो दुपारी दोमितिलाकडे टाकून जाई आणि ती वाचून दाखवी. गावाने सुरुवातीला त्याची टिंगल केली, मग सवय केली आणि हळूहळू, कुणाला न सांगता, त्यावर विसंबायला लागलं.

मग ते वर्ष आलं. एप्रिलच्या कागदात वाक्य होतं, किमान तापमानात वाढ अपेक्षित. दुपारची वेळ, वारा जोरात. दोमितिलाने वाक्यावर नजर टाकली. तापमान हा शब्द तर सगळ्यांना ठाऊकच, कागदच तापमानाचा, तो पुढे गेला तरी चालेल. किमान हा शब्द नवा, तो नीट ऐकू जायला हवा. तिने तो उचलून मागे ठेवला आणि घसा साफ करून भोंग्यावर सांगितलं, "तापमानात किमान वाढ अपेक्षित."

एक शब्द इकडचा तिकडे झाला आणि ध चा मा झाला. किमान वाढ म्हणजे नावापुरती वाढ, अशी समजूत करून घेत अख्ख्या खोऱ्यानं पाणी तोडलं. झाडं ताणली. जून आला, जुलै आला आणि पहाटे अंगावरची चादर ओली व्हायला लागली, दवाने नाही, घामाने. समुद्र तापला होता. ऑगस्टमध्ये पाणी सोडल्यावर खोरंभर पालवी फुटली. तांबूस, लुसलुशीत, टेकडीवरून पाहिली तर डोळे निवतील अशी. तिच्याकडे बघून माणसं रडली.

उलगडा झाला तो नोल्बेर्तोमुळे. सप्टेंबरात तो भोंग्याखाली बसला होता. पाइता बंदरावरून मासे आणणारी इल्दा टोपली उतरवून वारा घेत होती. ॲम्प्लिफायरवर नव्या महिन्याचा कागद पडला होता, तो नोल्बेर्तोने उचलला आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागला.

"न्यान्या, हे काय लिहितात दर महिन्याला?"

"तापमानात किमान वाढ. एप्रिलपासून तेच चाललंय."

"इथं तर आहे, किमान तापमानात वाढ."

"तेच ते."

"तेच कसं असेल?" त्याने पुन्हा बोट फिरवलं. "किमान तापमान म्हणजे पहाटेचं, सगळ्यात खालचं. ते वाढणार असं म्हणतायत. म्हणजे रात्री तापणार." तो थांबला. "हे एप्रिलमध्येच सांगितलं होतं त्यांनी?"

इल्दाने टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"ग्वा," ती नवलाने उद्गारली. "म्हणजे कागद खरं बोलत होता की."

नोल्बेर्तोने कागद होता तिथे ठेवला आणि उठून गेला. इल्दा मासे विकत विकत गावभर फिरली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणाला सांगायचं बाकी राहिलं नाही.

आमचं गाव दुष्ट नाही, पण गप्प बसणारंही नाही. चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, अड्ड्यावर नवी बोली सुरू झाली. "एक किमान दे गं," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि बाई भोपळ्याची वाटी काठोकाठ भरून द्यायची. बायकोने नवऱ्याला विचारलं किती प्यालास, तर तो सांगे, किमान. दोमितिला हे ऐकून सगळ्यांबरोबर हसायची. घरी आल्यावर मात्र वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवायची. तिला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा मोठं दुःख हे होतं की नोल्बेर्तो ती थट्टा कधीच करत नव्हता. तो भोंग्याखाली यायचाच बंद झाला. त्याने चारचौघांत चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी एप्रिल उजाडला तो करवतीच्या आवाजाने. सान्तोस इंगा नावाचा एक माणूस मोटारसायकलला मशीनची करवत बांधून मळ्यामळ्यातून फिरत होता. लोक आंबा तोडून लिंबू लावत होते. लिंबाला थंडीचे लाड लागत नाहीत. सकाळी एका बाजूने करवत ऐकू यायची, दुपारी दुसऱ्या बाजूने आणि प्रत्येक वेळी दोमितिला अंदाज घ्यायची, आवाज बापाच्या मळ्याकडून तर येत नाही ना.

एक दिवस नोल्बेर्तो आला. बसला नाही.

"उद्यापासून भोंग्यावर सांग. यार्लेकेच्या मळ्यात आंब्याचं सरपण आहे, हवं त्याने येऊन न्यावं."

"कुणाची झाडं?"

"आपली. मळ्यात दुसऱ्या कुणाची आहेत?"

"बापाची कलमं मी सरपण म्हणून पुकारू?"

"तू नाही पुकारलंस तर ती फळं देणार आहेत का?" नोल्बेर्तोचा आवाज चढला नाही. "मला राग नाही आला, न्यान्या. मी दमलोय. परत ताण देऊ आणि परत पालवी बघू, एवढं काळीज नाही माझ्याकडे. मे लागला, क्रूसाचा सण झाला की सान्तोस येतोय."

तीस वर्षांत दोमितिलाने कुणाची खबर नाकारली नव्हती. एकदा तर स्वतःच्या नवऱ्याच्या नव्या बाईला मुलगी झाल्याचीही तिने सांगितली होती, दोनदा, स्पष्ट आवाजात. पण आता ती म्हणाली, "नाही सांगणार. सणापर्यंत तरी नाही. मी पिउराला जाऊन येते."

"कशाला?"

"तो कागद लिहितात तिथे. यंदाचा जुलै कसा आहे ते विचारायला."

"विचार," नोल्बेर्तो म्हणाला. "आणि येताना चिफ्लेस आण. केळ्याचे काप तरी शहरात कुरकुरीत मिळतात."

हवामान कचेरीत गारेगार खोल्या होत्या आणि माणसं स्वेटर घालून बसलेली होती. उकाड्याचा अभ्यास असा थंडीत बसून करतात हे बघून दोमितिलाला गंमत वाटली. तिला मेर्ली चुंगा नावाच्या इंजिनीयरबाईसमोर बसवलं. कातकाओस गावची, टोप्या विणणाऱ्या घरची पोर. डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव.

"मी ओव्हेरालची भोंगेवाली," दोमितिलाने सांगितलं आणि मग सगळी हकीकत सांगितली. वारा, मागे ढकललेला शब्द, पालवी, चिचाच्या अड्ड्यावरचं किमान. मेर्ली आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

"ते वाक्य मी लिहिलं होतं, दोन्या दोमितिला." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात.

"वाक्य बरोबर होतं हो."

"बरोबर होतं. आणि तुम्ही वाऱ्यासाठी फिरवलंत त्यातही तुमचं चुकलं असं मला म्हणवत नाही."

"मग चुकलं कुणाचं?"

"वाऱ्याचं म्हणू," मेर्ली म्हणाली, "म्हणजे आपण दोघी सुटलो." त्यावर दोघी हसल्या आणि मेर्लीने आपली खुर्ची सरकवून दोमितिलासाठी पडद्यासमोर जागा केली.

पडद्यावर पृथ्वीचा नकाशा होता आणि त्यावर चौकोन आखलेले होते, समुद्रावर, डोंगरांवर, वाळवंटावर, सगळीकडे. मेर्लीने सांगितलं की संगणकात हे सगळे चौकोन एकमेकांशी बोलत असतात. तुझ्याकडे गरम किती, वारा कुठला, माझ्याकडे काय पाठवतोस. असं बोलत बोलत ते आजचा उद्या करतात, उद्याचा परवा आणि करत करत जुलैपर्यंत जातात.

"आमचं गाव कुठल्या चौकोनात?"

"या. पण यात तुमचं गाव एकटं नाही. अर्धं खोरं आहे आणि डोंगराचा पायथाही आहे. म्हणून यंत्र काय सांगतं आणि तुमच्याकडच्या तापमापकाने इतकी वर्षं काय सांगितलं, ते जोडून बघतो. यंत्र कुठे नेहमी फसतं ते आम्हाला ठाऊक आहे, तेवढं दुरुस्त करतो."

"पण उद्या ढग येतील की नाही हे तुम्हाला नीट सांगता येत नाही. मग जुलै कसा सांगता?"

मेर्लीला हा प्रश्न आवडला असावा, कारण तिने पाव बाजूला सारला. "हवा विसराळू असते, दोन्या. आज काय केलं ते दोन आठवड्यांनी तिच्या लक्षात नसतं. थंड देशांत हवेचंच राज्य, म्हणून तिथे महिन्याचं सांगताना फार अडतं. आपल्याकडे समुद्राचं राज्य आहे. आणि समुद्र विसरत नाही."

तिने एक बटण दाबलं. समुद्र उभा चिरून दाखवावा तसं चित्र आलं. वरचा थर लालसर, कोमट. त्याखाली, खोल, पार समुद्राच्या मध्यापासून एक निळी जीभ इकडे सरकत आलेली होती.

"हे थंड पाणी आहे. वर होडी घेऊन गेलात तर हाताला लागणार नाही, वर अजून गरमच आहे. पण तरंगत्या यंत्रांना खाली बांधलेल्या तापमापकांनी ते ओळखलंय. दर आठवड्याला ते थोडं इकडे येतं. आपल्या किनाऱ्याशी पोचलं की वर येईल."

दोमितिला त्या निळ्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यात समुद्र मोजून चार वेळा पाहिला होता, तोही वरून.

"म्हणजे आमच्या जुलैचा गारवा," ती सावकाश म्हणाली, "आत्ता, या क्षणाला, पाण्याखालून चालत येतोय?"

"चालत म्हणा. सरकत म्हणा."

"आणि कुणालाच दिसत नाही."

"नाही दिसत."

दोमितिलाच्या अंगावर काटा आला, तो त्या खोलीतल्या थंडीने नव्हे. लहानपणी बाप कलम बांधायचा तेव्हा ती विचारायची, यात फळ आत्ता कुठे आहे? बाप म्हणायचा, आहे, पण अजून वाटेत आहे. ती समजायची की बाप फसवतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला वाट उघडून दाखवली होती. इतकं मोठं काहीतरी माणसाला न सांगता, न विचारता, आपल्या पायरीकडे निघालेलं असतं आणि या अर्धा पाव खाल्लेल्या पोरीला ते बसल्या जागी कळतं, याचा तिला हेवा वाटला नाही, भीतीही वाटली नाही. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसा तिचा आवाज खाली आला.

"मग जुलै गार, हे नक्की?"

"तिथेच तर गोची आहे." मेर्लीने शेवटचं चित्र काढलं. एका टोकाशी एकत्र असलेल्या बारीक रेघा पुढे पुढे पिंजत गेल्या होत्या. "आजचा दिवससुद्धा आपल्याला अगदी पूर्ण ठाऊक नसतो. म्हणून यंत्राला आजचा दिवस थोडा थोडा बदलून पुन्हा पुन्हा चालवतो. दर वेळी एक जुलै निघतो. ही प्रत्येक रेघ म्हणजे एक जुलै."

"यातला खरा कुठला?"

"एकही नसेल. गर्दी कुठे आहे ते बघायचं." गर्दी खाली होती, गारव्याकडे. पण काही रेघा वरही गेलेल्या होत्या, एकट्यादुकट्या, हट्टी. "पहाट नेहमीपेक्षा गार असण्याची शक्यता दहात सात."

दोमितिलाने त्या वरच्या रेघांकडे बराच वेळ पाहिलं. "या इतक्या जुलैंमध्ये माझ्या भावाची झाडं कुठे आहेत? उभी आहेत का तोडलेली?"

मेर्लीने रेघांवरून बोट फिरवलं. "झाडं यात नाहीत, दोन्या. समुद्र आहे, वारा आहे, डोंगर आहेत. माणूस काय करील ते यात घातलेलं नाही."

"तेवढं तरी बरं केलंत," दोमितिला म्हणाली. "नाहीतर आम्हाला काय काम उरलं असतं."

निघताना मेर्ली दारापर्यंत आली. "भावाला सांगताना सात सांगा आणि तीनही सांगा. नुसते सात सांगू नका. तीन आले तर तो माझ्यावर चिडेल, ते चालेल. तुमच्यावर नको."

नोल्बेर्तो कालव्याच्या कडेला बसला होता. तिने चिफ्लेसची पिशवी पुढे केली आणि जे पाहिलं ते सांगितलं. निळं पाणी, रेघा, सात आणि तीन. सांगताना तिचे हात इतके हलत होते की तो काप खायचा थांबला.

"म्हणजे आंबा तोडू नकोस म्हणतं का यंत्र?"

"यंत्राला आंबा ठाऊकच नाही."

"मग तू म्हणतेस."

"मी काही म्हणत नाही. मी म्हटलं की काय होतं ते तू पाहिलंयस."

नोल्बेर्तो हसला, किती महिन्यांनी. मग पुन्हा गंभीर झाला. "आणि तीन आले तर? ताण देऊन थंडी नाही आली तर ही झाडं यंदा नुसती पालवी काढणार नाहीत, बसतील. मेलेलीच तोडावी लागतील मग."

"तीन आले तर सरपण मी पुकारीन. दुपारच्या वाऱ्यात नाही, सकाळी, साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं. बापाचं नाव घेऊन पुकारीन."

त्याने चिफ्लेसच्या पिशवीला गाठ मारली. "जूनअखेर, सान पेद्रोच्या सणापर्यंत," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सान्तोसला बोलावतो. तोवर जे दिसेल ते दिसेल."

त्या महिन्याचा कागद दोमितिलाने भल्या सकाळी वाचला, वारा झोपलेला असताना. किमान, कमाल असला एकही शब्द तिने तोंडात घेतला नाही. जुलैची पहाट नेहमीपेक्षा गार असण्याची शक्यता दहात सात, ती म्हणाली, आणि नसण्याची दहात तीन. एवढंच, सरळ क्रमाने. खालून कुणीतरी ओरडलं, "दोन्या, यंदा वाक्य सुलटं आहे ना?" लोक खो खो हसले. पण दुसऱ्या दिवसापासून करवतीचा आवाज कमी झाला. ज्यांनी सान्तोसला बोलावलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी क्रूसाच्या सणाचं निमित्त काढलं आणि हळूच पाणी तोडलं.

मे महिन्याने सगळ्यांची परीक्षा घेतली. उकाडा तसाच. रात्री लोक अंगणात खाटा टाकून पडायचे आणि एकमेकांना विचारायचे, तुझे सात आले का? नोल्बेर्तोची झाडं पाण्याविना मलूल झाली, पानं कडेने वळली. तो विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही. रोज पहाटे ती दाराबाहेर हात काढून बघायची आणि हात कोमट हवेतच राहायचा. वर गेलेल्या त्या हट्टी रेघा तिला डोळे मिटले तरी दिसत.

जूनच्या मध्याला कधीतरी ती नेहमीसारखी उठली आणि पायाखालची फरशी गार लागली. तिला वाटलं, पाणी सांडलंय. दार उघडलं तर हवा आत आली, पातळ, धारदार, समुद्राच्या वासाची. तिने दंड चोळले, शाल शोधली, सापडली नाही, तशीच अंगणात उभी राहिली. शेजारच्या अंगणातला म्हातारा खाट ओढत आत नेत होता आणि थंडीला शिव्या देत होता. दोमितिलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते निळं पाणी तिने पडद्यावर पाहिलं होतं, जगाच्या मध्यावर, वरच्या ऊन पाण्याखाली दडलेलं. ते आलं होतं. वाट न चुकता, कुणाला न विचारता ते तिच्या दंडावर येऊन पोचलं होतं. एवढ्या मोठ्या जगात आपण इतके लहान आणि तरी ते आपल्याला आधी सांगितलं गेलं होतं, या विचाराने ती पायरीवर बसली. त्या पहाटेनंतर दुसरी आली, तिसरी आली, प्रत्येक आधीपेक्षा थोडी गार.

पण थंडी म्हणजे मोहोर नव्हे. सान पेद्रोचा सण आला, होड्यांची मिरवणूक बघायला लोक पाइताला जाऊन आले, तरी झाडं मख्ख. नोल्बेर्तो दिल्या शब्दाचा माणूस, सान्तोसला दिलेला शब्दही त्यातच आला. सणाच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकल दोमितिलाच्या दारावरून मळ्याकडे गेली. तिने ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसली, समोर खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदा करवतीची वाट बघायला लागली. करवत सुरू झाली की शब्द पाळायचा. सरपण, क्रिसान्तो यार्लेकेच्या मळ्यातलं. वाक्य तिने मनात जुळवून ठेवलं होतं, वारा नव्हता, कुठलाही शब्द फिरवायची गरज नव्हती.

करवत काही सुरू होईना.

बऱ्याच वेळाने मोटारसायकलच परत आली. सान्तोस इंगा उतरला, करवत तशीच बांधलेली, चेहरा आंबलेला.

"दोन्या, एक खबर द्या माझी. सान्तोस आलाय, कुणाला झाड तोडायचं असेल तर भोंग्याखाली यावं. इतक्या लांबून आलो, रिकाम्या हातानं जायचं का मी?"

"नोल्बेर्तोकडे गेला होतास ना?"

"गेलो होतो. तुमचा भाऊ फांदीचं टोक वाकवून डोळा नखानं फोडून बघत होता. मग दुसऱ्या झाडाचा. मग तिसऱ्याचा. मी म्हटलं, सुरू करू का? तर मटकन खाली बसला. बोलेचना. हातानंच सांगितलं, जा."

"डोळ्यात काय होतं? आत?"

"मला काय कळतंय. मी तोडणारा माणूस."

"पान होतं का घडी घातलेलं?"

"पान नव्हतं," सान्तोस आठवत म्हणाला. "बारीक दाणे होते. हिरवट. राळ्यासारखे."

दोमितिलाने खुर्चीची पाठ धरली. पालवीच्या डोळ्यात पान असतं, दुमडलेलं. दाणे असतात ते मोहोराच्या डोळ्यात. नोल्बेर्तो का बसला असेल ते तिला कळलं आणि तिलाही बसावंसं वाटलं, पण सान्तोस उभा होता आणि त्याची खबर द्यायची होती.

तिने बटण दाबलं. भोंगा खरखरला. "सान्तोस इंगा करवत घेऊन आलाय," ती म्हणाली आणि तिचा आवाज कालव्यापर्यंत, कालव्यापलीकडे, टेकडीपर्यंत गेला. "कुणाला आंबा तोडायचा असेल तर भोंग्याखाली यावं." तिने ते तीनदा सांगितलं, स्पष्ट, जशी कुणाचीही खबर सांगे तशी.

मग तिने त्याला ताटात मासळी आणि उकडलेला युका कंद वाढला. सान्तोस खाता खाता रस्त्याकडे बघत होता. खोऱ्यात सगळीकडे माणसं होती, मळ्यामळ्यात, बांधाबांधावर. सगळ्यांना ऐकू गेलं होतं. दोमितिला दारात उभी होती आणि मनातल्या मनात एकेका घराचं नाव घेऊन देवाला सांगत होती, याला पाठवू नकोस, हिला पाठवू नकोस. सान्तोसचं जेवण संपलं, पाणी पिऊन झालं, हात धुऊन झाले. रस्त्यावर कुणी आलं नाही.